विभूती नावाचं पाखरू

मल्लाप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. ऑफिसातल्या शिपायानं दारातूनच सांगितलं, "मॅडम, कुरुंदवाडास्नं फोन हुता. आपलं मल्लाप्पा गेलं." मी मान हलवली आणि मुलींना पुढचं सांगत राहिले. थोड्या वेळानं एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही आत्ताच सांगितलंत." मग मी हात धुतले आणि बाहेर पडले. एसटीनं कुरुंदवाडला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे शेतातच, बसत्या अंगानं, त्यांना माती दिली होती. त्यांच्या पत्नी, गंगाक्का, सोप्यात बसल्या होत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मॅडम आल्या व्हय..." आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहू नये असं फार वाटत होतं. पण मी नाही लिहिलं तर मल्लाप्पांनी काय केलं हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवायला आले तेव्हा मल्लाप्पा आमच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. बुटके, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात कायम एक चिमटा. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी मला "मॅडम" म्हणत आणि मी त्यांना "मल्लाप्पा, तुम्ही" म्हणे. शिक्षण जुनी मॅट्रिक. पण वर्गात मी शिकवत असले की मागच्या दारात ट्रे घेऊन ते उभे राहात आणि तास संपेपर्यंत तो ट्रे खाली ठेवत नसत. आनुवंशिकतेचा पहिला तास झाला, तो वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांचा, त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, हे वाटाण्याचं पाखरांस्नी बी लागू हाय काय?"

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर पाखरं होती. बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते, म्हणजे चिमणीएवढे छोटे पोपट. हिरवे, पिवळे, निळे. पंचवीस-तीस पिंजरे, प्रत्येकात अंड्यांसाठी टांगलेलं मडकं, आणि खाली राळ्याच्या टरफलांचा सडा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती, मांडीवर वही घेऊन. ती गिरिजा. तिला दोन वर्षांपूर्वीच चालायचं जमेनासं झालं होतं. आधी जिन्यात पडायची, मग सपाटीवर, मग उभंच राहता येईना. स्नायू झिजतात, औषध नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्याआधीचा मुलगा, प्रभू, असाच झिजत सोळाव्या वर्षी गेला होता. मल्लाप्पा रोज सकाळी तिला पाठुंगळी घेऊन गच्चीवर आणत. कुठल्या मडक्यात किती अंडी, कुणाचं पिल्लू कुठल्या रंगाचं, सगळी नोंद तिची. अक्षर मोत्यासारखं.

मी तिथं जायला लागल्यावर वर्षभरानं एका मडक्यातून वेगळंच पिल्लू निघालं. आईबाप साधे हिरवे. पिल्लाला पिसं फुटली तेव्हा जिथं काळ्या रेघा हव्यात तिथं राखेच्या रंगाच्या रेघा, अंग फिकट, आणि कपाळावर तीन ठसठशीत राखी पट्टे. गिरिजा हसली. "अप्पा, ह्यानं तर तुमच्यासारखी विभूती लावलीया!" मला वाटलं, नाव ठरलं. पण मल्लाप्पा म्हणाले, "नाव अजून न्हाय. एखादं कसं बी निघतंय. त्याच्या पोटी तसंच निघालं तर रंग खरा. मगच नाव." मुंबईचा एक पाखरांचा व्यापारी बातमी लागून आला. त्याला ते पिल्लू हवं होतं आणि त्यानं एक इंग्रजी नावही योजून आणलं होतं. मल्लाप्पांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग सिद्ध करायचं काम सुरू झालं. राखी नराला परकी हिरवी मादी दिली. सात पिल्लं झाली, सगळी हिरवी. पुढच्या विणीची पाच, तीही हिरवी. मल्लाप्पांचं तोंड उतरलं. "गेलं, मॅडम. कसं बी निघालेलंच हुतं ते." मी खडू घेऊन फळ्यावर चौकट काढून दाखवली. रंग गेलेला नाही, लपलाय. ह्या हिरव्या पिल्लांत तो एकेरी आहे, म्हणून दिसत नाही. दोन्हीकडून आला तरच दिसेल. आता ह्यांच्यातल्याच भावाबहिणींची जोडी लावा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "भावाभनीची? आमच्यात मामा-भाचीचं लगीन चालतंय, मॅडम, पण भाऊ-भन... पाप लागंल की." मी हसले. "अहो, पाखरांना कसलं पाप!" ...त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मामा-भाची हा शब्द मी ऐकला होता. गंगाक्का नवऱ्याला "मामा" म्हणून हाक मारतात, तेही मी रोज ऐकत होते. खडू माझ्या हातात होता, चौकट मीच काढली होती, आणि मला काही म्हणजे काहीच सुचलं नाही.

पिल्लं जोडीला यायला वर्ष जावं लागतं. वर्षानंतर त्या जोडीच्या पहिल्या विणीत चार पिल्लं निघाली, तीन हिरवी आणि एक राखी. मल्लाप्पांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. प्राचार्यांना कळेना कशाचे. "रंग खरा निघाला, सर," एवढंच ते सांगत होते. गिरिजानं वहीत नवं पान काढून वर मोठ्या अक्षरात लिहिलं: विभूती. तिची बोटं तेव्हा थरथरायला लागली होती, त्या शब्दाला तिनं बराच वेळ घेतला. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत उभे होतो. इतका आनंद मी त्या घरात पुन्हा पाहिला नाही.

ते राखी पिल्लू पाच महिन्यांचं झालं आणि त्याची मान हलायला लागली. मग ते दांडीवरून पडायला लागलं. तोवर दुसऱ्या विणीची दोन राखी पिल्लं झाली होती. त्यांचंही तसंच. आधी मान, मग पाय, मग तळाशी पडून पंख आपटणं. हिरव्या भावंडांना काही नाही. पहिल्या राखी नराची मान जराशी कलती असायची, ती आम्ही त्याची लकब समजत होतो... रंग खरा होता आणि रंगाबरोबर हेही खरं होतं. मल्लाप्पांनी जुनी पानं उलटली. त्या नराचे हिरवे आईबाप त्यांनी कागलहून आणले होते, एकाच मडक्यातले, म्हणजे भाऊ-बहीणच. त्याच दिवशी त्यांनी सगळी मडकी उतरवली आणि नर-मादी वेगळे केले. मुंबईचा व्यापारी पुन्हा आला. म्हणाला, थरथर सहा महिन्यांनी दिसते, तोवर पाखरू विकलं जातं. मल्लाप्पा त्याच्यावर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं. मग त्यांनी वही घेतली आणि ते नाव खोडायला पेन उघडलं. गिरिजा म्हणाली, "नाव कशाला खोडता, अप्पा? त्येंचा काय दोष हाय? पाय न्हाईत म्हून नाव बी नगं?" त्यांनी पेन बंद केलं. पुढची चार वर्षं, शेवटचं राखी पाखरू मरेपर्यंत, ते त्यांना हातानं भरवत होते.

मडकी उतरवली त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. मल्लाप्पा काचपट्ट्या पुसत होते. पुसता पुसता त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. गिरिजाच्या वहीतलं मागचं पान. त्यावर चौकोन आणि गोल, मी पाखरांसाठी शिकवले होते तसेच. वर आज्जा आणि आज्जी. खाली त्यांचा मुलगा मल्लाप्पा आणि मुलगी. त्या मुलीच्या खाली तिची लेक, गंगा. मल्लाप्पा आणि गंगा ह्यांना जोडणारी आडवी रेघ. तिच्याखाली एक चौकोन आणि एक गोल, दोन्ही पेन्सिलीनं काळे केलेले. प्रभू. गिरिजा.

"पोरीनं काढलंय," ते म्हणाले. "वहीत घावलं. बराबर हाय काय, मॅडम?"

रक्त तपासून नक्की सांगायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती, हे खरं आहे. पण मी त्या सबबीनं बोलले नाही. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून बोलले. "चूक आहे," मी म्हणाले. "माणसांचं असं नसतं." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, अगदी कडेला कड लावून. "व्हय," म्हणाले. पुन्हा पट्ट्या पुसायला लागले. मग पाठमोरेच म्हणाले, "गंगीला ह्यातलं काय सांगू नगासा. तिच्या आईनंच जुळिवलंय लगीन, माझ्या भनीनं. लेक घरातल्या घरात ऱ्हाईल म्हून."

गिरिजाला भेटायला मी पुढच्या रविवारी गेले. आता ती गच्चीवर येत नसे. खाटेवर उशांना टेकून बसायची. आई स्वयंपाकघरात आहे ह्याचा अंदाज घेऊन ती म्हणाली, "मॅडम, माझं बरोबर होतं की. तुम्ही अप्पांना चूक हाय म्हणून सांगितलं, ते बरं केलंसा. पण त्यांना पटलं न्हाय." मी तिचा हात हातात घेतला. बोटं सरळ होत नव्हती. "मी त्यांना दाखवायला काढलं नव्हतं," ती म्हणाली. "मला फक्त बघायचं होतं, जमतंय का..." तिला सगळ्यात जास्त जमत होतं. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा जास्त. तेविसाव्या वर्षी, साध्या खोकल्याचं निमित्त होऊन, ती गेली.

तिच्यानंतर मल्लाप्पा पाच वर्षं जगले. निवृत्त झाले, पाखरं देऊन टाकली, कुरुंदवाडला परतले. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ते शेतावर होते, किंवा शेतावर आहेत असं सांगितलं गेलं. एकदा मात्र बसस्टँडवर अचानक भेटले. मी म्हटलं, "मल्लाप्पा, त्या दिवशी मी..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. तुमची एसटी लागलीया." एवढं बोलून ते निघून गेले. आमची शेवटची भेट ती.

गेल्या रविवारी मी गंगाक्कांना भेटायला पुन्हा गेले. आता घरात गर्दी नव्हती. चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? तुमाला म्हाईत आसंल. पोरगी जायच्या आधीपास्नंच मामानं माझ्याकडं बघायचं सोडलं. पानावर बसायचं ते पाठ करून. धा-बारा वरसं झाली. मी समजून ग्येलो. दोन्ही पोरं माझ्या पोटाच्या दोषानं ग्येली, आसंच त्येंच्या मनात आसणार." रडल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्या वाक्याला धार उरली नव्हती. घरातल्या भांड्यासारखं ते वाक्य त्या वापरत आल्या होत्या.

सांगू नका, असं मल्लाप्पांनी बजावलं होतं. पण एकदा खोटं बोलून मी काय केलं होतं ते माझ्यासमोर बसलं होतं. मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून, पाखरांपासून सुरुवात करून, सगळं. दोष तुमचा नाही, त्यांचाही नाही, दोघांकडे लपलेलं एकच काहीतरी होतं, वाडवडलांकडून आलेलं. ते तुमच्याकडे बघत नव्हते, कारण ते स्वतःला दोष देत होते. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता गंगाक्कांना जरा हलकं वाटेल. ते वाटणं किती भाबडं होतं...

"एवढंच हुतं," त्या म्हणाल्या. "एवढंच हुतं, तर मला सांगायचं की वो. दोघं मिळून रडलो आसतो."

मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीतून काच तडकलेली एक तसबीर घेऊन आल्या. लग्नातला फोटो. मल्लाप्पा ताठ उभे, मुंडावळ्यांत, चेहऱ्यावर घाबरल्यासारखा भाव. शेजारी पंधरा वर्षांची मुलगी, त्यांच्या खांद्याला जेमतेम पोचलेली. गंगाक्कांनी पदरानं काच पुसली आणि आधी त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या.

"नाक बघा," त्या म्हणाल्या. "दोघांचं एकच हाय. लग्नात समदी लई कवतिक करत हुती."