जहाजाच्या तोंडाशी अडलेलं यंत्र

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये तयार झालेलं ऊसतोडणीचं यंत्र ट्रेलरवर चढून मुंबईच्या बंदराकडे पुढे गेलं आणि मागोमाग मी आणि दत्तू मिस्त्री कारने निघालो. यंत्र मिस्त्रींच्या हातचं, परदेशी जाणारं आमचं पहिलंच. आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाचा ऊस तोडणीला आला होता. हे जहाज चुकलं तर ऑर्डर रद्द, असं त्याने स्पष्ट कळवलं होतं. कराडच्या पुढे झाडाखाली भाकरी-खर्ड्याची शिदोरी सोडली, पण मिस्त्रींना घास उतरेना.

बंदरात शिरलो आणि मी बघतच राहिलो. एवढं धूड क्रेनने उचलत असतील, अशी माझी समजूत. कुठली क्रेन! जहाज म्हणजे बिनखिडक्यांची उंच इमारत. तिचा मागचा दरवाजा धक्क्यावर टेकलेला, आणि त्या रॅम्पवरून (चढणीच्या लोखंडी रस्त्यावरून) ट्रक, बुलडोझर, रोड रोलर आपापल्या चाकांवर आत चाललेले.

"मालक, ह्ये बुडत कसं न्हाय?" मिस्त्रींनी विचारलं. मला तरी काय माहीत!

"पांढऱ्या रेघेपर्यंत तुम्ही आणा. पुढे आमचा ड्रायव्हर," बंदरातला एजंट म्हणाला. मिस्त्रींनी यंत्र ट्रेलरवरून उतरवून रेघेपर्यंत आणलं, बॉनेटवर थाप मारली आणि कठड्याबाहेर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. ढिम्म. परत फिरवली. ढिम्मच. मागे हॉर्न सुरू झाले.

एजंट धावत आला. "बाजूला काढावं लागेल. पुढचं जहाज महिन्याने."

मिस्त्रींकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

"मालक, चोर बटण!"

"कसलं बटण?"

"शिटाखाली हाय. आपल्या समद्या गाड्यांस्नी बसवतोय की. ते दाबल्याबिगर इंजिन चालू हुत न्हाय, चोरानं न्हेऊ ने म्हून. उतरताना हाताच्या सवयीनं बंद केलं बघा!"

इतकी वर्षं शेडचा मालक मी, आणि हे आज ऐकत होतो! आम्हाला आता रेघेपलीकडे सोडत नव्हते. एजंटने वॉकीटॉकी काढला, पण मिस्त्रींना दम कुठला? त्यांनी तोंडाभोवती हात धरले.

"ओ पावणं! शिटाखाली, डाव्या अंगाला! आत, आनि आत! दाबा!"

अख्ख्या धक्क्याला गुपित कळलं. इंजिन धडधडलं, यंत्र रॅम्प चढलं आणि जहाजाच्या अंधारात दिसेनासं झालं. मिस्त्री कठडा धरून मटकन खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं. रागवायचं राहूनच गेलं.

परतताना साताऱ्याला थांबलो. तिथे चहा पिताना मी गिऱ्हाइकाला बटणाची जागा फोनवरून कळवली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर मिस्त्री पुढच्या यंत्रात वाकलेले. हातात ब्रश आणि लाल रंग. सीटवर भला मोठा बाण काढून त्यांनी लिहिलं होतं, 'चोर बटण खाली आहे.'

मी कपाळाला हात लावला. "अहो, मग बसवता कशाला?"

"न्हाय बसवलं तर चोर न्हेतील म्हून रातभर डोळा लागत न्हाय की मला," मिस्त्री म्हणाले, आणि बाणावर रंगाचा दुसरा हात मारला.