काचेच्या वर्गाची कायम मान्यता

शहाणी माणसं राग आला की तिथल्या तिथं बोलून मोकळी होतात. मी शिक्षिका आहे, मला ती सोय नाही. समोर कधी प्राचार्य असतात, कधी पालक, कधी सरकारी माणूस. मग राग गिळायचा, स्टाफरूममध्ये येऊन चहा प्यायचा आणि झालेला प्रकार कुणाला तरी सांगायचा. असे किस्से साठायला वेळ लागत नाही, आमच्याकडं तर आठवड्याला दोन निघतात!

जालना जिल्ह्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला एक व्होकेशनल कोर्स आहे: काचकाम, डिझाइन आणि उपयोजित रसायनशास्त्र. गावात सगळे त्याला 'काचेचा वर्ग' म्हणतात. रसायन मी शिकवते, काच फुंकायला रफिकभाई शिकवतात. मान्यता तेव्हा तात्पुरती. समिती येऊन बघणार आणि नापास केलं तर वर्ग बंद, मुलं मधेच लटकणार. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

*

ॲडमिशनला हसनाबादचे एक गृहस्थ मुलीला, आफरीनला, घेऊन आले. मी दहा मिनिटं कोर्स समजावून सांगितला. लॅबमधली उपकरणं, बाटल्या, भिंगं, काय काय सांगितलं! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग शेवटी काय, बांगड्या का चष्मे?"

"दोन्ही नाही हो! आणि एक सांगते, काम भट्टीजवळ असतं, तेव्हा घरी विचार करून..."

"आगीचं सांगू नका मॅडम. मी पंधरा वर्षं एमआयडीसीत स्टीलच्या मिलमधी काम करून राह्यलो. तुमचा कोर्स मधीच बंद पडला तर काय, ते बोला. एकदा घरी बसली तर मी तिला दुसरीकडं न्हाई धाडणार."

आफरीन माझ्याकडं बघत होती.

"बिलकुल बंद पडणार नाही," मी ठोकून दिलं!

*

काच करायला वाळू लागते. नदीतली नव्हे, पांढरी, बारीक, धुतलेली. पत्रांवर पत्रं लिहून दोन पोती मिळाली. टेम्पोतून उतरवताना कुणीतरी पाहिलं आणि दुपारी वाळूसाठा तपासायला एक साहेब हजर!

"रॉयल्टीची पावती?"

"अहो, ही प्रयोगाची वाळू आहे."

"सगळे असंच म्हणतात मॅडम."

मी फळ्यावर वाळू, सोडा, चुना असं सगळं लिहून काच कशी होते ते समजावलं. साहेबांनी मान डोलावली आणि पंचनामा लिहिला: 'दोन पोती. रंग संशयास्पद पांढरा.' त्याच्यावर साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली!

*

डिझाइन शिकवायला ड्रॉइंगचे सर येतात. त्यांनी पहिला विषय दिला, 'घरात उपयोगी पडेल अशी काचेची वस्तू'. अठरापैकी सतरा मुलांनी फ्लॉवरपॉट काढला. मी चौकशी केली, एकाच्याही घरी फ्लॉवरपॉट नव्हता.

आफरीननं लोणच्याची बरणी काढली होती. तोंड इतकं रुंद, की आईचा हात बांगड्यांसकट आत जावा. आईच्या हाताचं माप शेजारी लिहिलेलं. सरांनी तिला दहापैकी तीन मार्क दिले! शेरा: 'कल्पनाशक्ती कमी.'

मी भांडायला गेले. "सर, जरा मापं तर बघा!"

"मापं बराबर आहेत मॅडम," सर म्हणाले. "पण फुलं कुठं ठेवायची?"

*

कोर्समध्ये महिनाभर कारखान्यात ट्रेनिंग सक्तीचं आहे. आता जालन्यात काचेचा कारखाना कुठून आणायचा? फिरून फिरून चपला झिजल्या, तेव्हा बियाण्यांच्या एका प्लँटनं चार मुली घेतल्या. त्यांच्याकडं लॅब होती, लॅबमध्ये काचेची नळकांडी होती, मला तेवढं पुरे होतं.

आठ दिवसांनी बघायला गेले तर चौघी स्टुलावर उभ्या राहून खिडक्या पुसत होत्या! मी मॅनेजरला धरलं.

"मॅडम, तुम्हीच तर म्हणल्या, काचवाल्या पोरी हायेत!"

त्यातल्या एकीनं रिपोर्टमध्ये 'नवीन आत्मसात केलेले कौशल्य' या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: 'ओल्या फडक्यापेक्षा पेपरनं काच चांगली निघते.' तो रिपोर्ट मी समितीच्या फाइलीत तळाशी घातला.

*

शेवटी समितीची तारीख आली. अठरापैकी बारा मुलांचे बारा पेपरवेट मांडायचे ठरले. काचेची वस्तू घडवली की ती रात्रभर वेगळ्या, विजेच्या भट्टीत हळूहळू गार करावी लागते, एकदम गार झाली की तडकते. आणि आमचे शिपाई दामूमामा पाच वाजले की कॉलेजचा मेन स्विच बंद करतात. ऊन असो, पाऊस असो, भट्टीत काच असो! वर्षभरात तीन वेळा सगळा माल तडकला होता.

या वेळी मी त्यांच्यापुढं हात जोडले. मामांना ते फार लागलं. ते रात्री घरी गेलेच नाहीत, भट्टीपाशीच अंथरूण टाकलं. सकाळी मला फाटकातच गाठलं.

"मॅडम, स्विचला हात न्हाई लावला! आन् झोपलो बी न्हाई. दर अर्ध्या तासाला भट्टीचं दार उघडून बघितलं, गार होऊन राह्यली का न्हाई!"

मी तिथंच पायरीवर बसले. बारातले नऊ तडकले होते.

"तीन खूप झाले," प्राचार्य म्हणाले.

समिती आली, भट्टी बघितली, वह्या चाळल्या, बासुंदी खाल्ली. निघताना प्राचार्यांनी कुणाला न विचारता आफरीनचा पेपरवेट चमकदार कागदात गुंडाळला आणि अध्यक्षांच्या हातात ठेवला. रफिकभाईंनी माझ्या कानात म्हटलं, "मॅडम, वो मत देने दो, नीट गार न्हाई झाला तो." मी प्राचार्यांना खुणावलं. "दिसायला तर बराबर आहे!" म्हणून त्यांनी मलाच गप्प केलं.

आठवड्यानं अध्यक्षांचा फोन आला. मी आफरीनची तोंडी परीक्षा घेत होते. प्राचार्य धावत वर्गात आले, चेहरा पांढराफटक, फोन स्पीकरवर.

"तुमचा पेपरवेट फुटला! कुणी हात लावला नाही, धक्का लागला नाही. मीटिंग चालू असताना टेबलावर आपोआप फुटला! माझ्या चहात काच!"

"बदलून देतो साहेब, आजच दुसरा पाठवतो!"

"दुसरा नको! हा का फुटला ते सांगा!"

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. गेला कोर्स, एवढंच मनात होतं. आणि तिच्या बापाला मी काय सांगून बसले होते! तेवढ्यात आफरीन पुढं झाली आणि फोनकडं बघत बोलायला लागली.

"सर, वरची काच आधी गार झाली, आतली मागून. आतलीला आकसायचं व्हतं, वरचीनं आकसू दिलं न्हाई. मंग ताण आतच राहतो. डोळ्याला दिसत न्हाई. आज न्हाई तर उद्या फुटणारच व्हता, सर."

अध्यक्षांनी पलीकडून विचारलं,

"हे तुला कुणी शिकवलं?"

"मॅडमनी," ती म्हणाली. "आन् दामूमामांनी."

महिन्यानं अहवाल आला. प्राचार्यांनी तो आधी एकटे वाचून घेतला, मग मला दिला. टाइप केलेलं होतं: 'विद्यार्थ्यांचे विषयज्ञान उत्तम. अभ्यासक्रमास कायम मान्यता द्यावी.'

त्याखाली अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं, लाल शाईत लिहिलं होतं: 'यापुढे समितीस भेटवस्तू देऊ नये.'