दोन माहेरं असलेला स्नायू

साक्षीला घाबरायला कधी जमलंच नाही. लग्न होऊन ती वालूरहून ताडकळसला आली, तेव्हा नव्या नवरीनं मान खाली घालून बसायचं असतं, एवढं चार जणींनी तिला बजावून सांगितलं होतं. ती बसलीही तशी. पण पंगत बसल्यावर मान न उचलताच वाढप्याला म्हणाली, "अहो दादा, त्या कोपऱ्यातल्या आजीच्या ताटात भात आलाच न्हाई." गल्लीनं त्याच दिवशी ओळखलं, की सरजाबाईच्या घरात आता दोन आवाज होणार.

आणि झालेच. सासूचा आवाज खणखणीत, सुनेचाही खणखणीत. मधे नवरा धम्मानंद. तो पूर्णेला रेल्वेत कामाला, आणि रुळावरच्या धडधडीची सवय असल्यामुळे घरातल्या धडधडीनं त्याचं काही बिघडत नसे. कुणी निवाडा मागितला की म्हणायचा, "तुमचं तुमी बघा, माझी ड्यूटी हाय."

साक्षी बारावी झालेली. लेकरू अंगावरून सुटल्यावर तिनं परभणीच्या नर्सिंग कॉलेजात नाव घातलं. सरजाबाई तेव्हा आडवी आली नाही. सून शिकते म्हटल्यावर तिची मानही जरा ताठ झाली, पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. साक्षी सकाळच्या एसटीनं जायची, दिवेलागणीला यायची. सुई टोचायला ती भ्यायली नाही, रक्त बघून तिला भोवळ आली नाही. वॉर्डात एका म्हाताऱ्यानं औषध थुंकलं, तर त्याला असा दम भरला, की दुसरा डोस त्यानं न सांगता तोंड उघडून घेतला.

पण माणसाला अडवायला वाघच लागतो असं नाही. बाभळीचा काटाही पुरतो. साक्षीचा काटा म्हणजे हाडांची आणि स्नायूंची नावं. एकेक नाव मालगाडीसारखं. इंजिन दिसावं, तर शेवटचा डबा येईपर्यंत पुढचा विसरलेला. तिनं घोकून बघितलं, भिंतीला चिकटवून बघितलं, भाकरी थापताना म्हणून बघितलं. भाकरी करपल्या, पण नावं काही बसली नाहीत. आणि शरीररचनेच्या परीक्षेत ती चक्क नापास झाली.

त्या दिवशी मात्र सरजाबाई बोलली.

"एकदा झालं, ठीक हाय. आता परत देणार म्हणतीस, दे. पण दुसऱ्यांदा नापास झालीस तर कॉलेज बंद. राग मानू नको साक्षी. माझे गुडघे गेलेत. लेकरू आणि म्हैस, दोन्ही माझ्यानं व्हायनात."

यात वाकडं बोलायला जागाच नव्हती. सरजाबाई खोटं दुखणं सांगणारी बाई नव्हती. उठताना ती भिंतीला धरायची, हे साक्षी रोज बघत होती.

"आत्या, मी पास होते," साक्षी म्हणाली.

"कशावरून?"

"मीच सांगायले की!"

यावर सासूनं कपाळाला हात लावला. पण साक्षीचं असंच होतं. आधी सांगून टाकायचं, मग ते खरं करायच्या मागं लागायचं.

कॉलेजात शिकवणाऱ्या सविता मॅडमनी तिला एक गोष्ट सांगितली होती. नाव सबंध गिळू नको, तुकडे कर. प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे. ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्रो म्हणजे सांधा, मायो म्हणजे स्नायू. मागं आयटिस लागलं की सूज, अल्जिया लागलं की दुखणं. हे तिला पटकन उमगलं. घरी येऊन तिनं लागलीच सासूचा गुडघा धरला.

"आत्या, तुमचं दुखणं म्हणजे ऑस्टिओ-आर्थ्र-आयटिस. हाड, सांधा, सूज."

"माझ्या गुडघ्याला एवढं मोठं नाव हाय?" सरजाबाई खूश झाली. "मंग इतके दिवस मी हंडे कामून उचलायले? धम्मा, उद्यापासून पाणी तू भर."

धम्मानंद जेवता जेवता म्हणाला, "मलाबी काहीतरी बघ गं. पाठ लय दुखायली."

"ते मायाल्जिया. स्नायू दुखणं. पण तुमाला ते गवत आणायची वेळ झाली की होतंय, त्याला अजून नाव न्हाई."

दुखण्यांची नावं अशी बसली. पण खुद्द स्नायूंची बसेनात. त्यातही मानेतला एक होता, स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. तुकडे केले, अर्थही कळले. स्टर्नो म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालची हासळी, मास्टॉइड म्हणजे कानामागचं टेंगूळ. पण छाती, हासळी आणि कान यांनी एका नावात येऊन करायचं काय? कोण आधी, कोण नंतर? स्नायू निघतो कुठून आणि जाऊन चिकटतो कुठं, हे परीक्षेत हमखास विचारतात, आणि तिथंच तिची गाडी घसरायची.

एका संध्याकाळी ती दारात पुस्तक घेऊन बसली होती. लेकरू मांडीवर. शेजारची मालनबाई सरजाबाईशी बोलत ओट्यावर टेकलेली. कुणाच्या तरी बारशाची गोष्ट चालली होती.

"कोणाला पोरगी झाली म्हणतीस?" सरजाबाईनं विचारलं.

"अगं, ती चुडाव्याची न्हाई का, वाघमाऱ्याकडं दिलेली."

"हां हां, ती होय!"

झालं. तेवढ्यावर ओळख पटली. त्या बाईचं पाळण्यातलं नाव दोघींनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. गल्लीत बाईला ओळखायची रीतच ती. कुठली आणि कुठं दिलेली. साक्षीला तरी साक्षी कोण म्हणायचं? ती वालूरची, सरजाबाईच्या घरी दिलेली.

साक्षीनं पुस्तक मिटलं. मग परत उघडलं. मग लेकराला बाजूला सरकवून ओरडलीच, "आत्या! ही तर सूनबाई हाय!"

"कोण गं?"

"हा मानेतला! छातीची, कानामागं दिलेली. पहिलं नाव माहेरचं, शेवटचं सासरचं!" आणि मग तिचा चेहरा पडला. "पण मधी ही हासळी कामून? एका बाईला दोन माहेरं असत्यात का?"

"असत्यात की," सरजाबाई सहज म्हणाली. "आजोळी वाढलेलीला असत्यात. आई-बाप एका गावी, लहानाची मोठी झाली आजीपाशी. लग्नात दोन्हीकडनं आहेर."

मग काय विचारता! साक्षीनं त्या रात्री स्वयंपाक सासूवर टाकला आणि पुस्तकातल्या सगळ्या बायकांची सोयरीक लावून टाकली. ब्रेकिओरेडियालिस, ही दंडाची, अंगठ्याकडच्या हाडाला दिलेली. स्टर्नोहायॉइड, छातीचीच धाकटी बहीण, जिभेखालच्या हाडाला दिलेली. आपल्या कुल्ल्यावर तीन जावा एकीवर एक राहतात, त्यांतली मॅक्सिमस थोरली, मिनिमस धाकटी, मधली मधलीच. मालनबाई हे ऐकून इतकी हसली की ओट्यावरून उठवेना.

"माझी थोरली लय आळशी हाय बाई," ती म्हणाली. "बसली की उठायचं नाव घेत न्हाई."

काहींना माहेर-सासर नव्हतंच. बायसेप्स म्हणजे नुसतं दोन डोक्यांचा. असल्यांना साक्षीनं बाजूला काढलं आणि निमूटपणे पाठ केलं. सोयरीक सगळ्यांची जुळत नसते.

परीक्षेच्या दिवशी ती एसटीत खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या अनोळखी बाईला आपणहून सांगितलं, "आज मी पास होणार हाय." त्या बाईनं बिचारीनं केळं दिलं.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरगावाहून एक सर आले होते. त्यांना सगळे व्यंकटराव सर म्हणत. पांढऱ्या मिशा, बारीक आवाज, आणि चुकलेल्या पोरीकडंही तितक्याच शांतपणे बघायची सवय, त्यामुळं आपलं बरोबर आलं की चूक हे बाहेर येईपर्यंत कळत नसे. कोपऱ्यात सांगाडा टांगलेला. सविता मॅडम शेजारच्या खुर्चीवर.

सरांनी हाडं हातात दिली, साक्षीनं नावं सांगितली. शब्द फोडायला सांगितले, तिनं शेंगा फोडाव्यात तसे फोडले. सर नुसते 'हं' म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. कुठून निघतो, कुठं लागतो?"

"सर, मराठीत सांगू?"

"सांग."

"माहेर दोन आहेत सर. छातीचं हाड आणि हासळी. सासर कानामागं."

सविता मॅडमनी डोळे मिटून घेतले. सर मात्र पुढं वाकले. "काय म्हणालीस?"

मग साक्षीनं चुडाव्याची आणि वाघमाऱ्याकडं दिलेली, सगळं सांगितलं. सरांच्या मिशा जरा हलल्या. हसले की काय, ते कळलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग आता सांग. हा स्नायू आखडला, तर कोण जागेवर राहतं आणि कोण कुणाकडं ओढलं जातं?"

साक्षी तोवर इतकी रंगात आली होती की थांबलीच नाही. "माहेर सासरकडं येतं सर! भीमजयंतीला माझा भाऊच वालूरहून येतो मला न्यायला."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नक्की?" सर म्हणाले.

हा 'नक्की' साक्षीला ओळखीचा होता. असला 'नक्की' बरोबर उत्तरावर कुणी विचारत नाही. तिनं टांगलेल्या सांगाड्याकडं बघितलं, तोही काही मदतीला येईना. घाबरणं म्हणजे हेच असावं, असं तिला वाटलं, कारण तसा अनुभव तिनं पूर्वी कधी घेतलेला नव्हता. समोर सासूचे गुडघे दिसले, गोठ्यातली म्हैस दिसली, आणि उद्याची एसटी आपल्याला न घेताच फाट्यावरून वळताना दिसली.

पुस्तकातली ओळ आठवेना. मग तिनं पुस्तकाचा नाद सोडला. आपल्याच मानेवर उजव्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि तोंड हळूच डावीकडं वळवलं. बोटांखाली तो स्नायू दोरखंडासारखा ताठ झाला. परत सरळ केलं, परत वळवलं. छाती होती तिथंच होती. डोकं तेवढं फिरत होतं.

"चुकले सर," ती म्हणाली. "माहेर जागचं हलत न्हाई. सासर ओढलं जातं माहेराकडं. आणि तोंड डावीकडं वळवलं की आखडतो उजवा."

"मग भावाचं काय?"

"भाऊ माणूस आहे सर. त्याचं इथं काही काम न्हाई. मी त्याला उगाच आणलं."

आता सर खरंच हसले. "पहिल्या उत्तराचे मार्क कापलेत," ते म्हणाले. "दुसऱ्याचे दिलेत. आणि हे बघ, ओळख पटवायला सोयरीक चांगली. पण हालचाल विचारली की अंगालाच विचारायचं. कळलं?"

"कळलं सर."

"जा. आणि पेशंटसमोर माहेर-सासर काढू नको. अर्धे रडायला लागतील."

घरी येऊन साक्षीनं काही लपवलं नाही. चुकलेलंही सांगितलं, सुधारलेलंही. सरजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"सासर माहेराकडं ओढलं जातंय? हे कोण्या डॉक्टरानं लिवलंय?"

"पुस्तकात हाय आत्या."

"पुस्तकात काय, ह्या घरात बी हाय. तू आल्यापासून धम्मा वालूरलाच पळायलाय." मग तिनं विचारलं, "पर मंग पास का नापास?"

"पास."

"निकाल लागला?"

"न्हाई. मी सांगायले."

खरा निकाल लागायला पुढं बरेच दिवस गेले. त्या दिवसांत साक्षी नेहमीसारखीच बोलत होती, फक्त फोन वाजला की आधी पदराला हात पुसायची आणि मग उचलायची. एका संध्याकाळी सविता मॅडमचा फोन आला. साक्षीनं ऐकून घेतलं, 'हो मॅडम' म्हटलं, फोन ठेवला आणि लेकराला उचलून एवढ्या जोरात गिरकी घेतली की ते भोकाड पसरून रडायला लागलं. धम्मानंदला न विचारताच कळलं. सरजाबाई मात्र "बरं झालं" एवढंच म्हणाली आणि चूल फुंकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षी एसटीची घाई करत होती, तेवढ्यात मालनबाई हातात नवा कासरा घेऊन आली आणि थेट गोठ्यात शिरली.

"मावशी, म्हशीला कुठं न्यायलात?"

"माझ्या दावणीला. तुझ्या सासूनं मला दिलीय ती. तिच्यानं दोन्ही व्हायना म्हणते, लेकरू तर कुणाला देता येत न्हाई." कासरा बांधता बांधता मालनबाई म्हणाली, "आमचं तर केव्हाच ठरलंय. तू परीक्षेला गेली होतीस ना, त्याच दिवशी. निकाल लागला की नेते म्हणलं, तर ही म्हणाली, पास होऊ दे का नापास, नेच."

"मालने, तुझ्या तोंडाला कुलूप लाव गं!" सरजाबाई आतून ओरडली.

साक्षी दारात उभी राहिली.

"आत्या, आणि मी नापास झाले असते तर?"

सरजाबाई लेकराला कडेवर घेऊन, भिंतीला धरत बाहेर आली. "तर गोठा रिकामा, घरात बसून काय केलं असतंस? परत परीक्षाच दिली असतीस. आता उभी काय राहायलीस? एसटी गेली म्हंजे माझ्या नावानं बोंब मारशील. जा."