हमरापूर ते रोहा: दम कोंडलेल्या पिकअपमधून

गणपतीच्या आदल्या दिवशी हमरापूरहून रोह्याला मूर्ती न्यायची, तीही मूर्तिकाराच्याच जुनाट पिकअपमधून, असा बेत असेल तर सकाळीच निघा. आम्ही दुपार केली.

रोह्याच्या मावशीने फोनवर विचारलं होतं, "तुझे काका नाहीत, मी एकटी. अशा घरी यायचं असेल ना गं बाप्पाच्या मनात?" काका गेले त्या वर्षी तिच्याकडे गणपती बसला नव्हता. म्हटलं, काळजी सोड, यंदा मी आणते.

मूर्तिकार वामनदादांनी मूर्ती मागे ठेवली, तोंडावर रुमाल टाकला. "एकदा उचलली की माघारी फिरायचं नाय, ताई." पेणला डिझेलची टाकी फुल्ल केली, वडखळला वडापाव खाल्ला. तुम्हीही तिथेच खाऊन घ्या. नागोठण्याला हायवे सोडला की रस्ता निवांत, पण खड्डे विचारू नका.

त्या निवांत रस्त्यावरच इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. दादांनी फिल्टरवरचा हातपंप मारला, डिझेल येईना. फिल्टर खोलला, त्यात ना कचरा ना पाणी. बसून राहिलो. मग किल्ली फिरवली तर गाडी निमूट सुरू. थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद.

आभाळ खाली उतरलेलं, वारा नाही. भाताचं एक पातं हलत नव्हतं. गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आली. झाकलेल्या मूर्तीला हात जोडून म्हणाली, "हितं बऱ्याच गाड्या थांबतात गो, बाय." आणि चालू लागली. काय बोलावं हे तरी कळायला नको का माणसाला!

तिसऱ्यांदा बंद पडलो तेव्हा मूर्तीच्या खालून आवाज आला. टुम. आम्ही दोघांनी मागे पाहिलं. रुमाल जागेवर होता.

"देवाला जायचं नाय वाटतं," दादा हळूच म्हणाले. "एकट्या बाईचं घर ना."

मला धडकी भरली, आणि त्यांचा रागही आला. पुन्हा टुम. बाबांच्या जुन्या जीपखाली लहानपण गेलंय माझं, म्हणून वाकून बघायचा धीर झाला. डिझेलच्या टाकीचा पत्रा उपाशी पोटासारखा आत गेला होता. मी टाकीचं झाकण फिरवलं तर तिने लांबलचक श्वास आत घेतला. अंगावर सरसरून काटा आला.

झाकण उलटं केलं. डिझेल कमी होईल तशी हवा आत यायला त्याला बारीक भोक असतं; नाहीतर टाकी आत चेपते आणि डिझेल सोडत नाही. इथे ते प्लास्टरने बुजवून, घासून, वर रंग दिलेला. इतकं सफाईदार काम मेकॅनिक करत नाही.

दादांनी त्यावर अंगठा फिरवला. "मीच केलंय. पावसाचं पाणी जाईल म्हणून. भोक दिसलं की हात आपसूक भरतो, ताई. भोक ठेवलं तर मूर्ती घेईल कोण?" मूर्तीचे दागिने कोरायच्या तारेने त्यांनीच ते मोकळं केलं. गाडी पुढे कुठेही थांबली नाही.

मावशी दारातच उभी होती. मूर्ती धरलेल्या माझ्या पायांवर तिने दूध-पाणी घातलं आणि विचारलं, "किती उशीर! वाटेत अडला का गं तो?"

दादा म्हणाले, "तो नाय अडला, मावशी. मी अडवला. माझी चूक हाय."

मावशी चौकट धरून रडली, मग तांदूळ ओवाळायला लागली.

घरी हे सांगितलं की सगळे हसतात. भोक बुजलं, हवा आत जाईना, डिझेल येईना, एवढीच तर गोष्ट. मला मात्र अजून हसू येत नाही. टाकीखाली वाकायच्या आधीच, देव तुझ्याकडे यायला तयार नाही हे मावशीला कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला घेतली होती.