साहेबांच्या हातात बॉल

टेनिसमध्ये बॉल समोरच्याला सापडणार नाही अशा जागी मारायचा असतो, हे मला सोळाव्या वर्षी, अमरावतीच्या कोर्टवर, हरता हरता कळलं. तोवर मी चार वर्षं टेनिस शिकत होते आणि बुलढाण्याच्या मुलींच्या संघाची कॅप्टन होते. याचं सगळं श्रेय आमच्या सरांना.

सर मूळचे कबड्डीचे. टेनिसचं कसलंसं शिबिर करून आले आणि कोच झाले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चीड येते ती त्यांनी आम्हाला कशाला जुंपलं याची. गावात बरं कोर्ट एकच, तेही अधिकाऱ्यांच्या क्लबचं. संध्याकाळी साहेब लोक यायचे आणि त्यांना जोडीदार मिळायचा नाही. सरांनी सौदा केला, पोरी साहेबांशी खेळतील, त्या बदल्यात कोर्ट मिळेल. साहेबांना पळावं लागू नये म्हणून बॉल त्यांच्या रॅकेटपाशी, कमरेच्या उंचीवर, अलगद पोचवायचा.

"सायबाच्या हातात बॉल द्याचा, पोरीहो. सायेब खुश, तं कोर्ट आपलं," सर सांगायचे. याला ते कंट्रोल म्हणत. आम्ही त्यात इतक्या तरबेज झालो की पोट सुटलेल्या साहेबांनाही आपण फार मोठे खेळाडू आहोत असं वाटायचं.

खरं टेनिस आमच्यात एकच मुलगी खेळायची. ती देऊळघाटहून एसटीनं यायची. मोबाइलवर मॅच बघून बघून तिनं हात बसवला होता. अमरावतीला विभागीय सामने असतात, तिथून राज्याच्या संघात निवड होते, हे तिला कुठून तरी कळलं होतं. रोज स्टँडवर गाडीची वाट बघताना ती मला तेच सांगायची.

एका संध्याकाळी तिनं एका साहेबांना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असं पळवलं, की ते धापा टाकत खुर्चीत बसले आणि खेळ अर्धवट टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं.

"त्या पोरीचं नाव काढून टाक अमरावतीच्या यादीतून. तू कॅप्टन हायेस, तूच सांग तिले. म्या सांगतलं तं बरं नाही दिसत."

यादीखाली कॅप्टनची सही लागायची. मी केली. त्या वर्षी पेपरात संघाचा फोटो येणार होता आणि मला तो मधोमध उभं राहून काढायचा होता. तिला मी सांगितलं की यंदा जागाच कमी आहेत. ती "बरं" म्हणाली.

अमरावतीला माझ्यासमोर माझ्याहून बुटकी मुलगी होती. मी तिला एकेक बॉल नेमका कमरेच्या उंचीवर, हातात दिला. आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय, मग ती हसायलाच लागली. अर्धं कोर्ट मोकळं दिसत होतं, पण हात तिकडे वळेचना. बाकीच्यांचंही तेच. जेवणाच्या आधी आम्ही सगळ्या स्पर्धेबाहेर होतो. परतीच्या गाडीत सर म्हणाले, "रॅली मस्त झाल्या बरं का!" रॅकेट त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली मला.

दोन दिवसांनी देऊळघाटची ती मुलगी क्लबची रॅकेट परत करायला आली.

"हरल्या म्हणे?"

"सरांनी वाट लावली आपली," मी सुरूच झाले. "तुझं नावसुद्धा त्यांनीच काढलं. माझ्या हातात काय होतं?"

"कॅप्टन तं तू होती ना वं? मंग काऊन नाही बोलली?"

मी पुन्हा सरांचंच सांगायला लागले. तिनं पूर्ण ऐकलंही नाही. रॅकेट खुर्चीवर ठेवली आणि ती गाडी पकडायला गेली. त्यानंतर ती कोर्टवर कधीच आली नाही.

सर अजून कोच आहेत. मागच्याच महिन्यात तिकडून जाताना पाहिलं, नव्या पोरी नव्या साहेबांच्या हातात बॉल देत होत्या. भेटेल त्याला मी सरांबद्दल वाईट सांगते आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एवढंच सांगत नाही की पुढच्या वर्षी सरांनी कॅप्टन म्हणून पुन्हा माझंच नाव घेतलं, आणि मी लगेच हो म्हटलं.