घंटेला टाकी नसते

मला चौकशा करायची खोड आहे. पंधरा वर्षं शाळेत शिकवून ती गेली नाही, उलट पक्की झाली. बोरगाव मेघेच्या मंगल कार्यालयात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि गाड्यांपुढच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. आदल्या दिवशी सकाळी नऊला मी पोचले, तर दारात एक काटकुळा म्हातारा गाड्यांचा वास घेत होता.

वास म्हणजे खरंच वास. गाडी आली की हा गुडघ्यांवर बसणार, टाकीच्या झाकणाला नाक लावणार, मग खाली वाकून पोटाखाली बघणार. मला राहवेना.

"काका, हे काऊन करता?"

"नाक खोटं बोलत नाई, मॅडम," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

हे भैयाजी. अग्निशमन दलात एकतीस वर्षं बंब चालवून निवृत्त झालेले, आता पवनारला राहतात. प्रदर्शन भरवणाऱ्या राकेशने त्यांना तपासणीसाठी बोलावलं होतं, कारण बंद हॉलमध्ये गाड्या ठेवायच्या तर नियम पाळावे लागतात. टाकी पावभर किंवा त्याहून कमी. झाकण पक्कं बंद. बॅटरीची वायर काढलेली. आत इंजिन सुरू करायचं नाही, गाडी ढकलतच न्यायची. सगळ्या किल्ल्या भैयाजींकडे, एका फळीवर खिळ्यांना टांगलेल्या. एका मालकाने आणलेला कापूरही त्यांनी काढून घेतला. "लिंबू ठेवा चाकाखाली, नारळ ठेवा. पेटवाचं काई नाई."

हिंगणघाटच्या सुमीतने आजोबांची निळी मोटार आणली होती, चार महिने खपून रंगवलेली. तिच्या पोटाखाली पेट्रोलचा एक थेंब दिसला. एकच. भैयाजींनी गाडी परत पाठवली. सुमीत भांडला, मग गयावया करू लागला, मग तसाच निघून गेला. खरं सांगते, मला भैयाजींचा रागच आला. एवढंही काय नियमाचं बाहुलं व्हायचं!

दुपारी बंब आला आणि या माणसाचा चेहराच बदलला.

लाल रंग उडालेला, पुढे पितळी घंटा. भैयाजींनी बावीस वर्षं चालवलेला हाच बंब. भंगारात निघाला तेव्हा सेलूच्या गॅरेजवाल्या श्रावणने तो लिलावात उचलला होता. हॉलच्या मधोमध त्याची जागा ठरली होती. त्याची पाटी मी सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिली होती. आणि भैयाजींनी बायकोला, धुरपताबाईंना, सांगून ठेवलं होतं: उद्या अकराच्या बसने येजो, माहा बंब हॉलात मधात उभा राहीन.

भैयाजींनी बंबाला नाक लावलं आणि मान वर केली.

"श्रावण, टाकी किती भरली?"

"फुल्ल!" श्रावण अभिमानाने म्हणाला. "लग्नाले, देवाले गाडी नेतो तं उपाशी नेतो का आपन? तुमची गाडी हाय, भैयाजी!"

आपल्याकडे सगळे हेच करतात, मी पण करते. पण त्या टाकीला वरच्या अंगाला जुना जोड होता. रिकाम्या टाकीत तो कुणाला कळलाही नसता. डिझेल काठोकाठ चढलं आणि जोड पाझरू लागला.

मागच्या मोकळ्या मैदानात भैयाजींनी हातपंपाने डिझेल लोखंडी पिंपात उतरवलं. टाकी पावभर राहिली. जोड पुसून कोरडा केला, खाली पुठ्ठा पसरला आणि त्याच्यासमोर बसले. मीही बसले. ते आता एकदम बोलके झाले होते. आग कुठे लागली हे घरातल्या माणसापेक्षा शेजाऱ्याला आधी कसं कळतं, गर्दीच्या हॉलात माणसं ज्या दाराने आली त्याच दाराकडे कशी धावतात, बाकीची दारं त्यांना दिसतच नाहीत. म्हणून ते कुठेही गेले, अगदी लग्नाला, तरी आधी दारं मोजतात.

"जेवाच्या आधी?"

"जेवाच्या आधी. धुरपता हासते मले."

तासाभराने पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडला. जोडाची चीर आता खालपर्यंत आली होती.

राकेश हळूच म्हणाला, "थाळी ठेवून देऊ खाली. तुमचाच बंब हाय. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो न," भैयाजी म्हणाले. डागावर बोट ठेवून म्हणाले, "सकाळी त्या पोराले एका थेंबासाठी परत पाठवलं मी."

मग ते उठले आणि श्रावणकडे पाना मागितला. मला वाटलं, टाकी खोलतात की काय. त्यांनी घंटा खोलली.

"घंटेले टाकी नसते," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

बंब मैदानाच्या टोकाला, भोवती दोरी बांधून, उभा राहिला. हॉलच्या मधोमध मोकळ्या जागेत स्टुलावर, आपल्या लोखंडी कमानीत टांगलेली घंटा, पुढे माझी मोठ्या अक्षरांतली पाटी. दुसऱ्या दिवशी जो तो मला विचारायचा, गाडी कुठे आहे? मीही न कंटाळता सगळी हकिगत सांगायचे.

साडेअकराला धुरपताबाई आल्या. भैयाजी त्यांना काय काय समजावत होते: जोड, डाग, नियम. बाई ऐकतच नव्हत्या. त्या घंटेकडे बघत होत्या.

"फायर स्टेशनच्या मांगंच आमचं क्वार्टर होतं," त्या मला म्हणाल्या. "ही वाजली का माह्या हातातलं काम सुटे. आता हे वापस येतीन का नाई, तेवढंच मनात राहे. बावीस वर्षं."

मग नवऱ्याकडे वळल्या. "वाजवा. आज तुमी कुठं चालले नाई. मले एकदा अशी आईकू द्या."

भैयाजींनी घंटेची दोरी ओढली. हॉलातली सगळी माणसं बोलायची थांबली. धुरपताबाईंनी डोळे मिटून ऐकलं, आवाज विरेपर्यंत नवऱ्याची बाही धरून ठेवली.

नंतर भैयाजींनी स्टूल उचलून दोन पावलं मागे सरकवलं. बाहेर जायच्या वाटेत येत होतं म्हणे.