सासऱ्यांच्या रुपयांवरच्या रेघा

माझ्या सासऱ्यांनी लग्नात खोटी चांदी दिली, हा शोध आमच्या घरात लक्ष्मीपूजनाच्या ऐन मुहूर्तावर लागला.

चांदीचे चार रुपये होते, राजाचं तोंड असलेले. सासरे उमरेडचे, आयुष्य हातमागावर गेलेलं. तरी जावयाला हे दिले होते. आईने ते डबीतून काढून दिव्याजवळ धरले, तर राजाच्या गालावर बारीक, सरळ, एकीला लागून एक अशा रेघा! मांजराने ओरबाडल्यासारख्या. (मांजर इतकं सरळ ओरबाडत नाही, एवढं मलाही कळत होतं.)

"हे काहून असं झालं गा?" आईने मला विचारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. 'माहीत नाही' हे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"मुलामा," मी म्हणालो. "आत जस्त, वर चांदी. उन्हाने जस्त फुगलं की वरची चांदी तडकते."

बायकोच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. "माह्या बापानं जस्त दिलं म्हणता?"

"मी फक्त शास्त्र सांगून राहिलो."

"मग आज शास्त्रच जेवा!"

त्या दिवाळीत मला एकही अनारसा मिळाला नाही.

प्रकरण मिटवावं म्हणून मी इतवारीतल्या सराफाकडे गेलो. त्याने रुपया कसोटीवर घासला. "गुरुजी, चांदी एक नंबर आहे. पण रेघा कानशीच्या दिसून राहिल्या. कोणीतरी चांदी घासून काढली."

शहाण्या माणसाने यातलं पहिलं वाक्य घरी सांगितलं असतं. मी दोन्ही सांगितली! वर स्वतःचं तिसरं जोडलं, "म्हणजे देण्याआधी तुमच्याकडेच कोणीतरी घासली असेल."

काल जस्त देणारे सासरे आज चोर झाले. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. "मामंजी, यायले सांगा, भात झाला." मग माझे वडील शेजारीच बसलेल्या मला ओरडून सांगत, "भात झाला!" भांडण कशाचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दुपारची झोप सोडून जगात त्यांना कशातच रस नव्हता.

उन्हाळा लागता लागता बातमी उमरेडला पोचली. भर दुपारी सासरे दारात उभे! एका हातात भिवापुरी मिरच्यांची पिशवी, तोंडावर हसू नाही.

"दाखवा ते रुपये."

आईने दिले. त्यांनी तळहातावर घेऊन एकेक उलटवून पाहिला. "माह्या मायनं जमवले होते हे. घरात चूल पेटली नाही, तेव्हाही मोडले नाही."

काय करावं ते न सुचून मी उठलो आणि कूलर सुरू केला. त्या वर्षीची पहिलीच वेळ. खडखडखडखड! अख्खा पत्रा थरथरायला लागला.

आतून वडील झोपमोड झालेल्या चेहऱ्याने आले. "अरे, त्याले चकत्या लाव ना गा!"

"कोणत्या चकत्या?"

"देवाजवळच्या डबीतल्या. हे काय, व्याह्यांजवळच आहेत!"

त्यांनी सासऱ्यांच्या हातातले चारही रुपये उचलले आणि कूलरचा पत्रा अन् लोखंडी स्टँड यांच्या फटीत, चार कोपऱ्यांत, एकेक खोचून दिले. कूलर गप्प! आम्ही सगळे वाकून पाहायला लागलो. पत्रा थरथरत होता, त्याच्याबरोबर रुपया मागेपुढे सरकत होता, आणि स्टँडची खरखरीत कड राजाच्या गालावर शांतपणे रेघ ओढत होती.

"मागचा अख्खा उन्हाळा याच्याच भरोशावर झोपलो," वडील अभिमानाने म्हणाले. "पावसाळ्यात पुसूनही ठेवले."

"अहो, लक्ष्मीचे रुपये ते!" आई किंचाळली.

"मग? लक्ष्मी प्रसन्न झाल्याशिवाय एवढी झोप लागते का?"

सासऱ्यांनी फटीतला एक रुपया बोटाने चाचपला. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, चांदी आमची होती. कूलर तुमचा." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दिवाळीनंतर बायको पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली, "ऐकलं?"

जाताना सासरे ते रुपये परत घेऊन गेले. पुढे धाकट्या मुलीच्या लग्नात त्यांनी नव्या जावयाला स्टीलचा डबा दिला. कोणीतरी विचारलं, चांदी काहून नाही? तर भर मांडवात माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आमच्या थोरल्या जावयानं शिकवलं."

मी जन्मभर शिकवलं. पण आपण माझ्याकडून काही शिकलो, असं चारचौघांत कबूल करणारा माणूस मला एवढा एकच भेटला!